पाठ फोनात आहे, पोरीला बसवणार कोण?

सख्यांनो, २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. आधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरती होती. आता पोरगी जिवतीची असो की एटापल्लीची, दहावीनंतर तिला संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो, यादीत नाव आलं का ते तिथंच पाहावं लागतं. पुढे शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज. त्याला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, आणि प्रत्येक कागदाची फाइल ठरावीक आकाराच्या आत.

हे सगळं आज कोण करतं? बहुतेक वेळा तालुक्याच्या गावातलं फॉर्म भरून देणारं दुकान. त्यांच्यावर राग नाही, त्यांचाही तो धंदा आहे. पण अर्जात मोबाईल नंबर कुणाचा जातो ते बघा. कधी दुकानदाराचा, कधी मामाचा, कधी बापाचा. अर्जात त्रुटी निघाली की संदेश त्या नंबरवर जातो, आणि तो फोन तर मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या बापाच्या खिशात. पासवर्ड पोरीला माहीत नाही. मुदत निघून जाते. पैसा आला नाही हे कळतं तेव्हा वसतिगृहाचे पैसे भरायची वेळ आलेली असते.

म्हणून या महिन्याचा पाठ यावर आहे. आपल्या शिकणाऱ्या लेकींनी फोनची आणि संगणकाची कामं ऑनलाइन पाठांवरून आपल्या सवडीने कशी शिकावीत, आणि त्यात आईनं, गटानं काय करावं.

सवडीचा पाठ

सवडीचा पाठ म्हणजे काय? मास्तर समोर नाही, तासाची घंटा नाही. पाठ आधीच तयार करून ठेवलेला असतो. आपण हवा तेव्हा लावायचा, कळलं नाही तर मागे घ्यायचा, थांबवायचा, पुन्हा लावायचा. ही कल्पना आपल्याला अगदी नवीन नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून लग्न झालेल्या, नोकरी करणाऱ्या कितीतरी बाया घरी पुस्तक वाचून पदवीधर झाल्या. ती पुस्तकं वाचणाऱ्यानं एकट्यानं शिकावं अशाच बेतानं लिहिलेली असतात. आता तेच काम पडद्यावर होतं, आवाजासह.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरींना ही पद्धत का सोयीची, ते आपल्या वर्षाकडे पाहिलं की कळतं. मार्च-एप्रिलात मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आसपास धानाची कापणी. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. तालुक्याच्या गावात रोज चार वाजता क्लास असेल तर आपली पोरगी त्यातले निम्मे दिवस पोचणारच नाही, आणि एकदा मागे पडली की लाजेनं जायचं सोडेल. सवडीचा पाठ मात्र ती तेंदूच्या हंगामात तीन आठवडे बंद ठेवू शकते आणि जिथं थांबली तिथून पुन्हा लावू शकते. तिची जागा कुणी घेत नाही.

आयआयटीचे दहा मिनिटांचे पाठ

ऑनलाइन पाठ पुष्कळ आहेत. त्यातले निम्मे नुसते बडबडीचे, हे मी स्पष्टच लिहिते. "एका दिवसात कम्प्युटर शिका" म्हणणारे पाठ पोरीला शिकवत नाहीत, तिचा वेळ खातात. मग चांगला पाठ ओळखायचा कसा? त्यासाठी आपल्याच राज्यातलं एक काम समजून घेऊ.

मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी "स्पोकन ट्युटोरियल" नावाचा प्रकल्प उभा केला. त्यात एकेक पाठ साधारण दहा मिनिटांचा आहे. संगणकाचा पडदा दिसतो, बाण कुठं फिरतो, काय दाबलं ते दिसतं, आणि सोबत आवाज समजावत जातो. पाठ फुकट आहेत. मराठीतही आहेत. पत्र लिहायला, हिशेबाचा तक्ता करायला, सादरीकरण करायला लागणारं लिब्रे ऑफिस त्यात शिकवलंय. हे सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. आपल्यातल्या आशाताई आणि अंगणवाडी ताईंना कदाचित याच प्रकल्पाचे बाळाच्या दुधाचे, पोषणाचे मराठी पाठ माहीत असतील.

हे पाठ कसे बनतात ते ऐकण्यासारखं आहे. आधी सगळं बोलणं कागदावर लिहून काढतात. मग ते त्या विषयातलं काहीच न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतात. तो जिथं अडला तिथं लिहिणाऱ्यानं सुधारायचं, कारण शेवटी पाठ बघणारा एकटा असणार आहे, त्याला विचारायला कुणी नाही. त्यानंतरच आवाज भरायचा. पाठाच्या शेवटी करून बघायला एक काम दिलेलं असतं.

अजून एक गोष्ट त्यांनी ठरवून केली. बोलणं मराठी, पण पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच ठेवली. "फाइल", "सेव्ह", "प्रिंट" ही बटणं पोरीला पुढे ऑफिसात, बँकेत, कॉलेजात इंग्रजीतच दिसणार आहेत. समज आपल्या भाषेत आली आणि बटण मात्र जसं आहे तसं ओळखता आलं, तर नोकरीच्या जागी ती बिचकणार नाही. मला हे पटतं. सगळं मराठी करून दिलं असतं तर पहिल्या दिवशी सोपं गेलं असतं, आणि पहिल्याच नोकरीत अवघड.

आपल्याकडची अडचण थोडी वेगळी आहे, तीही सांगायला हवी. भामरागड, एटापल्लीकडच्या पोरींची घरची भाषा माडिया किंवा गोंडी. सिरोंच्याला तेलुगू. मुलचेरा-चामोर्शीकडे कितीतरी घरांत बंगाली. त्यांना मराठी आवाजही दुसऱ्या भाषेचा. स्पोकन ट्युटोरियल तेलुगू आणि बंगालीतही आहे, तेव्हा तिथल्या पोरींनी तो आवाज लावून पाहावा. माडिया बोलणाऱ्या पोरींसाठी उपाय एकच दिसतो. दोघी-तिघींनी मिळून बसायचं, आणि जिला मराठी जास्त कळतं तिनं पाठ थांबवून थांबवून आपल्या भाषेत सांगायचं. त्यात वेळ दुप्पट लागेल. लागू द्या.

बघितलं म्हणजे आलं नाही

स्वयंपाकाचे शंभर व्हिडिओ बघितले म्हणून भाकरी थापता येते का? पीठ हाताला लागावं लागतं. इथंही तसंच.

म्हणून स्पोकन ट्युटोरियलवाले सांगतात की पाठ पडद्याच्या एका बाजूला लावा, आणि दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडा. आवाजानं एक गोष्ट सांगितली की पाठ थांबवा आणि ती आपल्या बाजूला करा. दोन्हीकडे सारखं दिसलं तरच पुढे जा. दहा मिनिटांच्या पाठाला अशानं अर्धा-पाऊण तास लागतो. लागायलाच हवा. पोरगी दहा मिनिटांच्या पाठातून दहा मिनिटांत उठली, तर तिनं तो पाठ नुसता बघितला, केला नाही.

घरी संगणक नसेल तर? शाळेत किंवा कॉलेजात संगणकाची खोली असेल, तर सुट्टीच्या दिवशी ती उघडून द्या म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडता येतो. आपल्यातल्या कितीतरी बाया त्या समितीवर आहेत. फोनवरच शिकायचं असेल तर पडदा छोटा पडतो. मग दोन फोन वापरा. एकावर पाठ, दुसऱ्यावर काम. दोन मैत्रिणी, दोन घरचे दोन फोन, पंधरा मिनिटांनी अदलाबदल. एकटीनं एकाच फोनवर पाठ आणि काम यांच्यात उड्या मारण्यापेक्षा हे बरंच सोपं जातं.

नेटवर्कचं काय, हे तुम्ही विचारणारच. आठवडी बाजाराला जाल तेव्हा बाजाराच्या गावात नेट चांगलं असेल, तर पोरीला तिथं त्या आठवड्याचे दोन पाठ डाउनलोड करून घेऊ द्या. यूट्यूबवर बऱ्याच पाठांखाली डाउनलोडचा बाण असतो. दर्जा कमी निवडला तर डेटा कमी जातो. असा ठेवलेला पाठ नेटशिवाय चालतो, फक्त काही दिवसांनी फोन पुन्हा एकदा नेटला जोडावा लागतो. स्पोकन ट्युटोरियलच्या संकेतस्थळावरून पाठ उतरवून पेनड्राइव्हवरही घेता येतात. एकीनं घेतले की अख्ख्या गावाला पुरतात. लहान वर्गातल्या मुलांच्या बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड छापलेले असतात. ते २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा ॲपने उघडतात, आणि त्यातलाही पुष्कळ मजकूर उतरवून ठेवता येतो.

शंभरातल्या तीन

आता मुद्द्याची गोष्ट. अमेरिकेत हार्वर्ड आणि एमआयटी ही दोन नावाजलेली विद्यापीठं आहेत. त्यांनी मिळून जगासाठी ऑनलाइन अभ्यासक्रम उघडले. चांगले प्राध्यापक, चांगलं नेट, शिकणारे बरेचसे आधीच शिकलेले. तरी २०१७-१८ या वर्षात नाव घातलेल्या १०० जणांपैकी साधारण तिघांनीच अभ्यासक्रम पुरा केला. हे आकडे २०१९ साली "सायन्स" या नियतकालिकात आले. पाठ वाईट होते म्हणून लोकांनी ते सोडले नव्हते. सवडीचा पाठ उद्यावर टाकता येतो, आणि उद्याचा परवावर.

आपल्या देशात प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान झालं. २०१७ ला सुरू, ३१ मार्च २०२४ ला संपलं. १४ ते ६० वयातला, प्रत्येक घरातला एक माणूस, २० तासांचं शिक्षण. देशभरात ६ कोटी ३९ लाख लोकांचं प्रशिक्षण झालं, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळालं ४ कोटी ७७ लाखांना. काम मोठंच झालं. पण २० तास शिकून पुढे सहा महिने हातच लावला नाही, तर शिवणयंत्राचं होतं तेच इथं होतं. आणि "प्रत्येक घरातला एक" म्हटल्यावर आपल्या घरातून कोण गेलं होतं, जरा आठवा. लेक की लेकाचा बाप की भाऊ?

तेव्हा पाठ आहे, फुकट आहे, मराठीत आहे. कमी पडतं ते दर आठवड्याला पोरीला त्या पाठासमोर बसवणारं कुणीतरी. आणि बायांनो, हे काम आपल्याइतकं कुणाला येतं? ठरलेल्या वारी बैठक, हजेरी, प्रत्येकीनं थोडं थोडं आणायचं, कुणी चुकली तर घरी जाऊन विचारायचं, सगळं वहीत लिहायचं. पैसा असाच जमवला ना आपण? शिकणंही असंच जमतं.

इथं पुष्कळ आया मागे सरतात. म्हणतात, मला स्वतःला येत नाही, मी काय शिकवू? शिकवायचं नाहीच. स्पोकन ट्युटोरियलच्या कार्यशाळाही अशाच बेतलेल्या आहेत की त्या घेणाऱ्याला विषय यायची गरज नाही. पाठ शिकवतो. घेणारा फक्त जागा, यंत्र आणि वेळ यांची सोय करतो आणि प्रत्येकजण करतोय ना ते बघतो. हे सातवी शिकलेली आईही करू शकते, अंगठा उठवणारी आजीही. पोरीला एकच म्हणायचं, "आज काय केलंस ते मला दाखव." काय झालं असं विचारू नका, "दाखव" म्हणा. दाखवताना पोरगी अडखळली तर तिला स्वतःलाच कळतं की कुठं कच्चं आहे.

फोन कुणाचा?

हा भाग बैठकीत मोठ्यानं वाचा.

"असर" नावाचं ग्रामीण शिक्षणाचं सर्वेक्षण होतं. २०२३ साली त्यांनी १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना विचारलं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यापैकी मुलग्यांमध्ये ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये १९.८ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. हे देशभरातल्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांचे आकडे आहेत, पण आपल्या गावात वेगळं आहे असं छातीठोक कोण म्हणेल?

२०२० च्या कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा राज्याच्या शिक्षण खात्याकडून रोज व्हॉट्सॲपवर अभ्यासाच्या लिंक यायच्या. लिंक वेळेवर यायची, पण फोन सकाळी बापाबरोबर कामावर जायचा. रात्री फोन घरी येईस्तोवर पोरीच्या हातात भांडी. पाठ सवडीचा म्हणायचा, पण सवड फोनला आहे की पोरीला, हे आधी बघायला हवं.

मुलीच्या हातात फोन दिला की ती बिघडेल, असं आपल्यातल्याच बाया म्हणतात. काळजी खोटी नाही. गडचिरोलीत काय आणि चंद्रपुरात काय, अनोळखी माणसाशी बोलून फसलेल्या पोरींच्या गोष्टी आपण ऐकतो. पण मुलगा रात्री बारापर्यंत फोनवर काय बघतो हे किती जणी विचारतात? आणि जिला फोन नीट येत नाही तीच लवकर फसते. ओटीपी सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, आपला फोटो कुणाला पाठवू नये, पासवर्ड मैत्रिणीलाही देऊ नये, हेसुद्धा शिकायचंच आहे, आणि ते फोन हातात घेऊनच शिकता येतं. लाडकी बहीणची ई-केवायसी करताना ओटीपी कुणाच्या हाती दिला, हे आठवून बघा. आपल्यालाही तो धडा हवाच आहे.

घरात फोन एकच असेल तर त्याचा वार ठरवा. मंगळवार आणि शनिवार, जेवणानंतर एक तास, फोन पोरीचा. त्या तासात तिला चुलीकडे हाक मारायची नाही. भावानं फोन मागितला तर आईनं "नाही" म्हणायचं. सगळ्यात अवघड पाठ हाच, आणि तो पोरीचा नाही, आपला आहे.

सुरुवात कुठून करावी

अभ्यासक्रमाचं पहिलं पान उघडून क्रमानं जायची गरज नाही. पोरीला पुढच्या सहा महिन्यांत जे काम पडणार आहे तिथून सुरुवात करा. स्वतःचा ईमेल काढणं आणि पासवर्ड घरच्या सुरक्षित वहीत लिहून ठेवणं. कागदाचा फोटो काढून त्याची पीडीएफ करणं, तिला ओळखू येईल असं नाव देणं, ती किती केबीची आहे ते बघून लहान करणं. मराठीत टाइप करणं. अर्जाची स्थिती स्वतः पाहणं. एवढं आलं तरी दुकानाच्या पायऱ्या निम्म्या कमी होतील. सरावासाठी खरा अर्ज मात्र भरू नका. एकदा पाठवलेला अर्ज मागे घेताना नाकी नऊ येतात. आधी अर्जातले सगळे प्रश्न कागदावर उतरवून घ्या, उत्तरं लिहा, मग बसा.

त्यानंतर हिशेबाचा तक्ता. यासाठी आपल्या गटाचीच वही उत्तम. समजा गटात ११ जणी, महिन्याची बचत प्रत्येकी २०० रुपये. पोरीला सांगा, एका रकान्यात नावं लिही, दुसऱ्यात बचत, तिसऱ्यात कर्ज, चौथ्यात व्याज. एकीनं १०,००० घेतले आणि व्याज महिना २ टक्के, तर चौथ्या रकान्याच्या घरात आधी बरोबरचं चिन्ह टाकायचं, मग कर्जाच्या घरावर टिचकी मारायची, मग चांदणी, कारण संगणकात गुणाकाराला फुली चालत नाही, मग ०.०२. एंटर दाबलं की २०० येतात. मग तेच घर खाली ओढलं की सगळ्यांचं व्याज एकदम निघतं. बचतीच्या रकान्याची बेरीज २,२०० यायला हवी. नाही आली तर कुणाची नोंद राहिली ते शोधायचं, अगदी आपण बैठकीत शोधतो तसं. मग एकीचं कर्ज ८,००० करून बघा, व्याज आपोआप १६० होतं. पोरगी हे एकदा बघते आणि मग आपणहून पुढचा पाठ लावते. हे सगळं लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये होतं, फोनवर गुगल शीट्समध्येही. फक्त सरावात सभासदांची खरी नावं, आधार नंबर, खाते नंबर घालू नका.

आणि गटाची सचिव शेजारी बसलेली असेल, तर एकाच तासात दोघी शिकतात. पोरीला वही कळते, सचिवताईला तक्ता.

पुढच्या बैठकीसाठी

गटातल्या प्रत्येकीनं सांगावं: घरात आठवी ते पदवीपर्यंत शिकणारी मुलगी आहे का, घरी फोन किती, आणि त्यातला मुलीच्या हातात आठवड्यातून किती वेळ असतो. तास मोजून सांगा, "असतो की" नको.

तिच्या शेवटच्या अर्जात कुणाचा मोबाईल नंबर दिलाय? पासवर्ड कुणाकडे आहे? आज घरी गेल्यावर विचारा आणि पुढच्या बैठकीत सांगा.

ज्या गावात अशा तीन-चार पोरी निघतील तिथं ग्रामसंघानं एक वार, एक जागा आणि बसवणारी एक ताई ठरवावी. समाजमंदिर चालेल, अंगणवाडीची ओसरी चालेल. एक वही घ्यावी आणि त्यात चार रकाने आखावेत: तारीख, पोरीचं नाव, कोणता पाठ, करून दाखवला का. शेवटच्या रकान्यात फक्त "हो" किंवा "नाही" लिहायचं. "बघितला" हा शब्द त्या वहीत नको.